चौथा खंड

"तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा," असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना प्रामाणिकपणे कळवलं, की माझ्या नोकरीत बघण्यासारखं काही नव्हतं. वागळे इस्टेटमध्ये स्प्रिंगा बनवणाऱ्या एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आमचं सहा जणांचं ऑफिस होतं. तिथे एकोणतीस वर्षं मी खुर्चीत बसून 'सी' भाषेत प्रोग्रॅम लिहिले. खालच्या प्रेसचे दणके टेबलापर्यंत यायचे आणि जेवताना डब्यातली आमटी थरथरायची, एवढीच काय ती हालचाल. आमचे प्रोग्रॅम यंत्रांच्या पोटात चालत. वजनकाटे, लेबल छापणारी यंत्रं, औषधाच्या बाटल्या मोजणारा पट्टा. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत लोकांना सांगायच्या, "सून टायपिंगचं काम करते." मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

तरी एक प्रकरण लिहावंसं वाटतं. ते माझ्या चुकीचं आहे. आणि ती चूक समजावण्यासाठी थोडं कामाबद्दल सांगावं लागेल, ते वाचकांनी सोसावं.

प्रोग्रॅमला एखादी फाईल वाचायची असते तेव्हा तो ती एका घासात गिळत नाही. थोडं मागतो, मिळालेलं वापरतो, पुन्हा मागतो. असं करता करता एकदा हातात काहीच येत नाही. याची कारणं दोन असू शकतात. एक, फाईल संपली. दुसरं, फाईल संपलेली नाही, पण पुढचं वाचता येत नाही. तार निघाली, डिस्क खराब झाली, काहीही. रिकामा हात दोन्ही वेळा सारखाच. म्हणून 'सी' भाषेत दोन खुणा ठेवलेल्या असतात आणि त्या विचारायची दोन वाक्यं असतात. 'एफ-ई-ओ-एफ' विचारलं की कळतं, शेवट आला का. 'एफ-एरर' विचारलं की कळतं, काही बिघडलं का. तिसरं एक आहे, 'क्लिअर-एरर'. ते दोन्ही खुणा पुसून टाकतं, म्हणजे पुन्हा प्रयत्न करता येतो. शिकवताना हे सगळं दहा मिनिटांत होतं. पहिला प्रश्न मी नोकरीत हजारो वेळा विचारला असेल. दुसरा विचारायचा मला बहुतेक वेळा कंटाळा आला.

कल्याणला अंधांसाठी पुस्तकं छापणारी एक संस्था आहे. त्यांनी ब्रेल छापायचं यंत्र घेतलं आणि मराठी मजकुराचं ब्रेल करणारा प्रोग्रॅम आमच्याकडून लिहून घेतला. तो मी लिहिला. यंत्र जाड कागदावर ठिपके उठवतं आणि उठवताना इतका आवाज करतं, की त्या खोलीत सगळे एकमेकांशी ओरडून बोलतात. ब्रेल पुस्तक फार जागा खातं; आपल्या हातात मावणारी कादंबरी तिथे तीन-चार जाड खंडांची होते.

तिथली मुद्रितशोधक प्रज्ञा जाधव. जन्मापासून अंध, वालधुनीच्या बाजूला राहणारी, तेव्हा पंचविशीची असेल. डोळस मदतनीस मूळ पुस्तक मोठ्याने वाचायची आणि प्रज्ञाची दोन्ही हातांची बोटं कागदावरून पळायची. चूक सापडली की ती "थांब" एवढंच म्हणायची. मला ती पहिल्यांदा भेटली ती फोनवर.

"मॅडम, तुमच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पुस्तकाची शेवटची ओळ दोनदा येते."

"प्रत्येक?"

"प्रत्येक. आमची शाळेतली मुलं विचारतायत, ही ओळ परीक्षेला येणार आहे का."

ती चूक नवशिक्याची होती आणि मी तेव्हा नवशिकी नव्हते. शेवट आल्याची खूण शेवटचं वाचून झाल्याबरोबर लागत नाही. त्यानंतर आणखी मागितलं आणि मिळालं नाही, की मग लागते. मी मागण्याआधीच विचारत होते, "संपलं का?" उत्तर यायचं, "नाही." मग मी मागायचे, मिळायचं काहीच नाही, आणि हातात उरलेली जुनी ओळच पुन्हा छापली जायची. मी प्रोग्रॅम बदलला. आता खुणेकडे बघायचंच नाही. परिच्छेद मागायचा, मिळाला तर छापायचा, नाही मिळाला तर पुस्तक संपलं असं समजून खाली 'समाप्त' छापायचं आणि थांबायचं. प्रज्ञाने तपासून सांगितलं, "आता बरोबर आहे." मला बरं वाटलं. ऑफिसात मी ते दोनदा सांगितलंसुद्धा.

हात रिकामा का राहिला, हे मात्र मी त्याही वेळी विचारलं नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

मध्ये बरीच वर्षं गेली. आमचं ऑफिस बंद झालं, मी निवृत्त झाले, डोंबिवलीत घरी बसून भाचीच्या मुलांना गणित शिकवू लागले. कल्याणचा प्रोग्रॅम मात्र चालू होता. काही अडलं तर प्रज्ञा फोन करायची. गेल्या वर्षी तिने केला तेव्हा अडलेलं काहीच नव्हतं.

"मॅडम, एक कादंबरी आहे आपल्याकडे, दोन बहिणींची. लोकांनी वाचून वाचून ठिपके सपाट झालेत, म्हणून नवीन प्रत काढली. जुनी तीन खंडांची होती. नवी चार खंडांची आलीये."

"कागद बदललात का?"

"कागद तोच, यंत्र तेच, ओळीत अक्षरं तेवढीच. मी मोजलेलं."

मी दुसऱ्या दिवशी कल्याणला गेले. प्रज्ञा आता चाळिशीची, विभागप्रमुख. तिने जुना तिसरा खंड आणि नवा तिसरा खंड शेजारी ठेवले आणि एकेक हात एकेका खंडावर फिरवत गेली. जुन्या खंडाच्या शेवटच्या पानावर तिचा डावा हात थांबला. उजव्याने नवा तिसरा खंडही तिथेच संपवला आणि चौथा ओढून घेतला.

"इथे 'समाप्त' आहे," ती म्हणाली. "आणि इकडे पुस्तक चालूच आहे."

जुनी प्रत काढली तेव्हा मजकूर सीडीवर आला होता. टायपिंग करून देणाऱ्या बाईंनी तीच फाईल आपल्या कॉम्प्युटरवरही ठेवली होती आणि या वेळी ती पेनड्राइव्हवर आणून दिली, म्हणून पुस्तक पूर्ण छापलं गेलं. सीडी अजून कपाटात होती. मी ती उजेडात धरली तर कडेला एक लांब ओरखडा. माझ्या प्रोग्रॅमने त्या वेळी ओरखड्यापर्यंत वाचलं होतं. पुढे वाचता येईना. त्याने मला तसं कळवायची खूणही लावली असणार. भाषाच ती लावते. मी विचारलं नाही. प्रोग्रॅमने नेमून दिल्याप्रमाणे 'समाप्त' छापलं. परिच्छेद एकेक करून उचलत असल्यामुळे तुटलेलं वाक्य नाही, अर्धा शब्द नाही, पूर्णविरामही जागच्या जागी. शाळेची पुस्तकं प्रज्ञा मुळाबरोबर ताडून बघायची. कादंबऱ्यांना तेवढी माणसं नव्हती. कोणाला संशय यावा असं त्या पानावर काही नव्हतंच.

प्रज्ञाला मी हे सगळं सांगितलं.

"म्हणजे संपलं काय आणि वाचता आलं नाही काय, तुमच्या प्रोग्रॅमला दोन्ही सारखंच."

"प्रोग्रॅमला नाही गं. त्याला माहीत होतं. मला सारखंच होतं."

"मग आता ती खूण पुसायचं काहीतरी असतं ना? मागे तुम्ही म्हणालेलात."

"असतं. पण खूण पुसल्याने ओरखडा जात नाही. नुसती पुसून पुढे गेलं तर मधला मजकूर गळेल आणि तेही कोणाला कळणार नाही."

"ते तर याहून वाईट."

"हो."

पुढचे तीन आठवडे मी रोज कल्याणला जात होते. प्रोग्रॅम दुरुस्त केला. आता तो प्रत्येक परिच्छेदाआधी आपण कुठे आहोत हे टिपून ठेवतो. हातात काही आलं नाही तर दोन्ही प्रश्न विचारतो. बिघाड असेल तर खूण पुसतो, टिपलेल्या जागी परत जातो, पुन्हा वाचतो, असं तीनदा. कधी कधी दुसऱ्या खेपेला वाचताही येतं, सीड्यांचं तसं असतं. तिन्ही वेळा जमलं नाही तर छपाई थांबवून स्पष्ट सांगतो, की पुस्तक इथे अडलं आहे. 'समाप्त' हा शब्द तो फक्त शेवट खरोखर आला असेल तरच छापतो. सगळी मिळून वीसेक ओळींची भर. पहिल्या दिवशी लिहायला मला एक दुपार लागली असती.

मग आम्ही कपाटातल्या सगळ्या सीड्या एकेक करून नव्या प्रोग्रॅममधून काढल्या. आठ पुस्तकं मध्येच तुटलेली निघाली. बहुतेक गोष्टींची आणि प्रवासवर्णनांची. एक मात्र बँकेच्या परीक्षेच्या तयारीचं होतं, आणि त्यातली शेवटची दोन प्रकरणं गेली होती. ते पुस्तक एकाच मुलीने नेलं होतं. रजिस्टरमधला तिचा नंबर आता दुसऱ्याच कोणाकडे लागत होता. ती परीक्षेला बसली का, तिला त्या प्रकरणांवर काही विचारलं गेलं का, मला माहीत नाही. प्रज्ञाने तिच्या जुन्या शाळेत दोनदा विचारलं. काही कळलं नाही. या एका गोष्टीवर मला लिहिण्यासारखं दुसरं काही सुचत नाही, म्हणून एवढंच लिहिते.

बाकीच्या वाचकांना प्रज्ञाने फोन करून कळवलं. कोणी हसलं, कोणी म्हणालं आठवत नाही. बहिणींच्या कादंबरीवर येऊन ती थांबली.

"हे सामंतकाकांनी वाचलंय. त्यांना मी फोन करणार नाही."

"का?"

"त्यांना ब्रेल मीच शिकवलेलं. कोलशेतला कंपनीत फिटर होते. डोळे पन्नाशीनंतर गेले. फिटरची बोटं कशी असतात मॅडम, तुम्ही बघा एकदा. ठिपकेच लागायचे नाहीत त्यांना. रोज कोमट पाण्यात बोटं बुडवून बसायचे. सगळे म्हणाले, या वयात होत नाही, सोडून द्या. हे पहिलं पुस्तक त्यांनी पूर्ण वाचलेलं. अकरा महिने लागलेले. वाचक मंडळाच्या बैठकीत उभे राहून बोलले होते त्याच्यावर. आणि आता मी सांगू, की काका, ते पूर्ण नव्हतंच?"

मी टेबलावरची सीडी पाकिटात घातली.

"चूक तुमची आहे," प्रज्ञा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही जाऊन सांगा."

चौथा खंड पिशवीत घालून मी कोलशेतला गेले. कंपनी कधीच बंद झाली आहे, तिथे आता उंच इमारती आहेत. त्यांच्या मागे कामगारांची जुनी तीन मजली वसाहत अजून उभी आहे. सामंतकाका तळमजल्यावर एकटे राहतात. पत्नी गेलेली, मुलगी नाशिकला. सत्तरीचे, सडपातळ, इस्त्रीचा सदरा. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः कॉटवर बसले.

मी येताना वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी विसरले. सरळ सांगितलं. प्रोग्रॅम माझा, सीडी खराब होती, वाचता आलं नाही, तरी प्रोग्रॅमने संपलं म्हणून छापलं, कारण मी तसं लिहिलं होतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे थोरली दाराची कडी वाजवते, आतून कोणीतरी येतंय असा आवाज येतो, तिथे कादंबरी संपत नाही?"

"नाही. तिथून पुढे एक खंड आहे."

"चांगला शेवट होता हो तो."

"मला माफ करा, काका."

"माफीचं राहू दे. मी तर बैठकीत भांडलेलो त्याच्यावरून. एक बाई म्हणाल्या, हा काय शेवट आहे, दार उघडलं की नाही तेही सांगत नाही. मी त्यांना सांगितलं, लेखकाला कुठे थांबायचं ते कळतं." ते जरा हसले. "लेखक थांबलाच नव्हता तर."

मी पिशवीतून खंड काढला. पुढचं सांगू का, असं विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"सांगू नका. ठेवा इथे. वाचेन मी."

"वेळ लागेल."

"वेळेचं काय," ते म्हणाले. खंड मांडीवर घेऊन त्यांनी पहिलं पान उघडलं आणि उजव्या हाताची बोटं पँटला पुसली. प्रज्ञा म्हणाली होती तशीच बोटं होती. जाड, एका नखाचा तुकडा कायमचा गेलेला. ती पहिल्या ओळीवर ठेवून ते इतके स्थिर झाले, की मी हळूच उठले आणि दार ओढून घेऊन निघाले.

त्या कादंबरीत पुढे काय होतं ते मी मधल्या काळात वाचून काढलं होतं. वाचल्यापासून मला त्यांची काळजी वाटत होती. दार परकी माणसं उघडतात. धाकटी ते घर सोडून गेलेली असते. थोरली गावोगाव शोधत फिरते आणि शेवटी कळतं, की धाकटी वर्षापूर्वीच वारली. पुस्तक चांगलं आहे. पण दारात थांबलेलं पुस्तक जपून ठेवलेल्या माणसाला ते द्यावं का, हे मला ठरवता येईना. कोलशेतला निघण्याआधी प्रज्ञाला विचारलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, काय द्यायचं ते आपण ठरवायचं नसतं. पूर्ण द्यायचं."

चार महिन्यांनी काकांचाच फोन आला. "बाई, झालं वाचून. न्यायला या. जमलं तर बुधवारी या."

बुधवारी गेले. या वेळी घरात आणखी कोणीतरी होतं. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. काका कॉटवर, शेजारी खंड, त्यावर घडी घातलेला टॉवेल.

"धाकटी मेलेली आहे त्यात," ते म्हणाले.

"हो."

"तुम्हाला माहीत होतं तेव्हा?"

"होतं."

त्यांनी मान हलवली. आवाज खाली करून म्हणाले, "आत आहे तो माझा भाऊ. धाकटा. मानपाड्याला असतो. बुधवारी त्याला सुट्टी, तेव्हा येतो."

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. दोघे भाऊ एकाच कंपनीत होते. काकांचे डोळे जायला लागले तेव्हा त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. हाताच्या सवयीने काम करत राहिले. दिसतंय ना, असं कोणी विचारलं की म्हणायचे, दिसतंय. एक दिवस भावाने साहेबांकडे जाऊन चारचौघांसमोर सांगितलं, की याला दिसत नाही, याला मशीनवर ठेवू नका. काकांना त्याच आठवड्यात कामावरून काढलं.

"तो बरोबर होता," काका म्हणाले. "माझा हात गेला असता, नाहीतर दुसऱ्या कोणाचा. ते मला तेव्हाही कळत होतं. पण चार लोकांत त्याने सांगितलं, ते मनातून जाईना. अकरा वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. तो दोनदा आला, मी दार उघडलं नाही."

"आणि मग?"

"मग हे पुस्तक वाचलं. तीन खंड. शेवटी थोरली कडी वाजवते आणि संपतं. आठ दिवस डोक्यात तेच. नवव्या दिवशी शेजारच्या पोरीला म्हटलं, मला रिक्षात बसवून दे, मानपाड्याला जायचंय."

"त्यांनी दार उघडलं?"

"त्याच्या बायकोने उघडलं. तो आत जेवत होता. ताटावरून उठला, माझा हात धरून आत नेलं आणि मलाच ताट वाढलं. बोललो काहीच नाही आम्ही. वालाचं बिरडं होतं."

स्वयंपाकघरात कपबश्या वाजल्या. काकांनी टॉवेल बाजूला केला आणि खंडावर हात ठेवला.

"हा चौथा मला तेव्हाच मिळाला असता ना बाई, तर मी गेलो नसतो. म्हटलं असतं, काय उपयोग, उशीर झाला."

एकोणतीस वर्षांत माझ्या चुका लोकांनी मला अनेक प्रकारे सांगितल्या. अशी कोणी सांगितली नव्हती. चुकीचं समर्थन करावंसं मला तेव्हा वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. ती बँकेच्या परीक्षेची मुलगी माझ्या डोक्यात होतीच. मी फक्त विचारलं, "आता वाचून वाईट वाटलं का?"

"वाटलं ना. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण पुस्तक चांगलं आहे. त्या बैठकीतल्या बाईंचा नंबर असेल प्रज्ञाकडे, तर त्यांना सांगा, सामंत चुकला म्हणून."

एवढ्यात भाऊ चहा घेऊन बाहेर आला. काकांपेक्षा धिप्पाड, खांद्यावर फडकं. त्याने काकांच्या हातात कप नीट धरवला, मला दिला आणि त्या खंडाकडे बघत म्हणाला, "मॅडम, चार महिने हा हे घेऊन बसलाय. मी विचारतो काय आहे त्यात, तर सांगत नाही. कशावर आहे हो?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी चहा फुंकला, एक घोट घेतला.

"दोन बहिणींचं आहे," ते म्हणाले. "आधी तुझा चहा आण. मग बस."